लस घ्यायची? गाडी कुठाय?



आधीच सांगून टाकतो. मी लसीच्या विरोधात नाही. लसीनं मर्दानगी जाते, लसीतून चिप घालतात, मूत प्यालं की रोग पळतो, असलं बरळणाऱ्यांच्या रांगेत मला कुणी उभं करू नये. मी दोन्ही डोस घेतलेत. वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना हाताला धरून नेलंय. माझं भांडण सुईशी नाही, गेटशी आहे.

गेट कुठलं, ते ऐका.

२०२१ चा मे महिना. दुसरी लाट. माणसं बेडसाठी, ऑक्सिजनसाठी वणवण फिरत होती. लसीकरण १६ जानेवारीला सुरू झालेलं. आधी डॉक्टर-नर्स, फेब्रुवारीत पोलीस आणि सफाई कामगार, १ मार्चपासून साठीच्या पुढचे, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या पुढचे सगळे, १ मेपासून अठराच्या पुढचे सगळे. कागदावर सगळा देश लसीला मोकळा झाला. लस मात्र पुरत नव्हती. मे अर्धा व्हायच्या आत महाराष्ट्र सरकारनं अठरा ते चव्वेचाळीस वयाच्यांचं लसीकरण थांबवलं. म्हणजे राबणारा हात, रोज लोकलला आणि बसला लोंबकळणारा हात, तो थांबला.

आणि त्याच महिन्यात मुंबईत नवी टूम निघाली. दादर पश्चिमेला एका सार्वजनिक वाहनतळात शहरातलं पहिलं ड्राइव्ह-इन लसीकरण केंद्र सुरू झालं. मोटारीतून उतरायचं नाही. काच खाली करायची, दंड पुढं करायचा, सिस्टरनं टोचायचं. मग गाडी पुढं घेऊन अर्धा तास आतच बसायचं आणि घरी जायचं. कौतुक झालं. मग अशी केंद्रं आणखी काढा, असं सुरू झालं.

मी सांगतोय ती गोष्ट दादरची नाही. आमचं केंद्र दुसरं. त्याचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की ह्या एका साहेबाची बदली, त्या एका गार्डची नोकरी, एवढ्यावर भागतं. मला तेवढ्यावर भागवायचं नाही.

माझी आत्या. वय तेव्हा ६३. राहायला आमच्याच गल्लीत, गोवंडी-मानखुर्दच्या पट्ट्यात. २८ वर्षं तिनं या शहराचे रस्ते झाडले, सगळे कंत्राटावर. २०२० च्या मार्चमध्ये लोक बाल्कनीत थाळ्या बडवत होते, तेव्हा ही खाली झाडू मारत होती. ज्या बिल्डिंगला पेशंट सापडला म्हणून पत्रे ठोकले, त्या बिल्डिंगचा कचरा हिनं उचलला. हातमोजे एकच जोडी, तीही फाटकी. डिसेंबरात कंत्राट संपलं. मुकादम म्हणाला, आता येऊ नको. सफाई कामगारांच्या लसीची यादी झाली त्याच्यानंतर. यादीत नाव नाही. २८ वर्षं जी फ्रंटलाइनला होती, ती दोन महिन्यांनी घरी बसली म्हणून फ्रंटलाइनची राहिली नाही.

तिचे दोन्ही गुडघे गेलेले. पहाटेपासून लायनीत उभं राहणं तिला जमत नव्हतं. मी फोनवर बसलो. ते पोर्टल तेव्हा इंग्रजीत. मराठी त्यात आली जून उजाडल्यावर. एका मोबाइल नंबरावर चारच माणसं. आमच्या गल्लीत चांगला फोन तीन-चार घरांत मिळून एक. आठ-दहा दिवस बोटं झिजवली तेव्हा एक जागा हिरवी दिसली. दाबली. मेसेज आला, केंद्राचं नाव आलं. ते केंद्र गाडीवाल्यांचं आहे हे आम्हाला कोण सांगणार?

गल्लीतला एक रिक्षावाला म्हणाला, चल भाऊ, मावशीला मी सोडतो, मीटर नंतर बघू. तेव्हा रिक्षाचं कमीत कमी भाडं २१ रुपये झालेलं. आत्यानं ठेवणीतलं लुगडं नेसलं. आधारकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचलं. लग्नाला निघाल्यासारखी निघाली.

गेटवर गार्डनं हात आडवा केला.

"रिक्षा आत नाही."

"का?"

"चारचाकी लागते. ऑर्डर आहे."

रिक्षाला चाकं तीन. एका चाकासाठी माझ्या आत्याची लस अडली.

मी म्हटलं, मग चालत सोडा. तो म्हणाला, चालत येणाऱ्यांचं आज बंद आहे, आज फक्त गाडीवाले. मी फोन दाखवला, मेसेज दाखवला, आजची तारीख दाखवली. तो गार्डसुद्धा आपलाच होता, मित्रांनो. कंत्राटी. बुटातून अंगठा बाहेर आलेला. त्याला शिव्या देऊन मला काय मिळणार होतं? तरी दिल्या. त्यानं गुमान ऐकून घेतल्या. नंतर हळूच म्हणाला, "भाऊ, मलापण अजून मिळाली नाय."

आत्या रस्त्याच्या दुभाजकावर बसली. वर ऊन. समोरून एकेक गाडी आत जात होती. एसी चालू, काचा बंद. तेवढ्यात एका मोठ्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर आमच्याच गल्लीतला पोरगा दिसला. वय ३८. मागं त्याचे साहेब आणि बाई. त्यानं आत्याला ओळखलं. गाडी हळू केली, मागं वळून साहेबांना काहीतरी विचारलं. त्याच्या बाजूची सीट रिकामी होती. काच खाली आली नाही. गाडी पुढं गेली.

साहेबांना रोगाची भीती होती, मान्य. त्या दिवसांत भीती सगळ्यांनाच होती. पण तोच ड्रायव्हर त्याच गाडीत, त्याच बंद काचांत, त्यांच्यापासून दोन हातांवर बसलेला होता. त्याची भीती नव्हती. तो गाडीचाच एक पार्ट. संध्याकाळी त्यानं सांगितलं. सिस्टरनं मागच्या खिडकीतून दोघांना टोचलं. त्याच्याकडं बघून विचारलं, तुमचं? तो म्हणाला, वयात बसत नाही. मग अर्धा तास तो तिथंच बसून राहिला. दोघांना चक्कर येते का बघत. लस त्यांना, राखण याची.

आम्ही परत आलो. वस्तीत बायका जमल्या. त्यांनी जे विचारलं ते इथं लिहितो, आणि उत्तरंही लिहितो. त्या गेटवर असा बोर्ड मी पाहिला नाही, म्हणून इथं लावतो.

"गाडीतच का टोचायचं?" गर्दी होऊ नये, एकाचा श्वास दुसऱ्याला लागू नये म्हणून. आणि ज्याला चालवत नाही त्याला उतरावं लागू नये म्हणून. हे कारण शंभर टक्के खरं आहे. तेवढ्यासाठीच तर आत्याला नेलं होतं. पण ज्याचे गुडघे गेलेत त्याच्यासाठी सोय काढायची आणि तिला मोटारीची अट घालायची! गुडघे कुणाचे जातात? २८ वर्षं झाडू मारणारीचे का २८ वर्षं गाडीत बसणारीचे?

"रिक्षा का न्हाई?" याला डॉक्टरी कारण मला एकही सापडलं नाही. रिक्षा दोन्ही बाजूंनी उघडी. हवा खेळती. दंड सहज हाताला येतो, काचसुद्धा खाली करायला नको. बंद मोटारीपेक्षा ती बरी. कारण एकच, रिक्षा आत शोभत नाही.

"मग स्कूटर?" इथं मात्र नियमवाल्यांचं बरोबर. सुई टोचल्यावर काहींना घेरी येते. लस वाईट म्हणून नाही, सुईच्या धसक्यानं येते. स्कूटरवरचा माणूस पडतो, डोकं फुटतं. बसायला धड जागा पाहिजे. पण मग खुर्ची द्या. प्लॅस्टिकची खुर्ची मोटारीपेक्षा स्वस्त मिळते.

"अर्धा घंटा कशाला थांबायचं?" हजारो-लाखोंत एखाद्याच्या अंगावर लस उलटते. श्वास कोंडतो, बीपी खाली जातं. बहुतेक वेळा हे पहिल्या अर्ध्या तासातच दिसतं आणि लगेच ॲड्रिनलिनचं इंजेक्शन दिलं तर माणूस वाचतो. म्हणून थांबायचं. टाळायचं नाही. आणि ज्याला टोचलं त्यानं त्या अर्ध्या तासात स्वतः गाडी हाकायची नाही. दुसरा हाकणारा पाहिजे. म्हणजे गाडी पाहिजे, आणि वर ड्रायव्हर पाहिजे. भाड्याची टॅक्सी केली तर मीटर चालूच.

"परत कधी जायचं?" कोव्हिशील्डचा दुसरा डोस तेव्हा १२ ते १६ आठवड्यांनी ठरला होता, कोव्हॅक्सिनचा चार आठवड्यांनंतर. म्हणजे मोटार एकदा नाही, दोनदा मागून आणायची.

"आधारकार्ड नसलं तर?" आधारच पाहिजे असं नव्हतं. मतदानाचं कार्ड, पेन्शनचं पुस्तक, असली दुसरी ओळखपत्रंही चालत होती. आणि ज्यांच्याकडं कुठलंच ओळखपत्र नाही अशा भटक्यांसाठी, रस्त्यावरच्यांसाठी, तुरुंगातल्यांसाठी केंद्र सरकारनं ६ मे २०२१ ला वेगळी पद्धत काढली होती. गेटवरच्या माणसाला हे माहीत होतं का? आपल्याला तरी कुणी सांगितलं होतं का?

"गाडीच नसली तर?" हा खरा प्रश्न. सरकारचीच कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, २०१९ ते २०२१ च्या काळात या देशात शंभरातल्या जेमतेम आठ घरांकडं मोटार होती. आठ घरांची सोय केली, टाळ्या पिटल्या. ब्याण्णव घरांनी टाळ्या ऐकल्या.

आता यातून काय झालं ते सांगतो, कारण ते कुणी मोजलं नाही.

आत्या गल्लीत येऊन बोलली, "लशीला गाडी लागते. गाडी असंल त्यालाच देत्यात." बास. हे वाक्य नळावर गेलं, संडासच्या लायनीत गेलं, रेशनच्या दुकानावर गेलं. कितीतरी बायका त्यानंतर दवाखान्याकडं फिरकल्या नाहीत. मी ओरडून सांगत होतो, अगं मावश्यांनो, पालिकेच्या दवाखान्यात पायी जाता येतं, तिथं गाडी नको. त्या म्हणायच्या, तू आत्याला घेऊन गेला हुतास ना? काय झालं?

मी गप्प.

पेपरात तेव्हा शहाण्या लोकांचे लेख येत होते, झोपडपट्टीत अफवा फार, अडाणीपणा फार, म्हणून लसीकरण होत नाही. अफवा होत्या, मी नाकारत नाही. पण आमच्या गल्लीतली ही अफवा नव्हती. एका म्हातारीनं गेटवर बसून डोळ्यांनी पाहिलेलं होतं ते.

आमच्या शेजारी एक बाई होती. घरी पापड लाटायची. पंचावन्न-छपन्नची असेल. मी दोनदा सांगितलं, चला. तिनं लाटणं खाली न ठेवता सांगितलं, "आमच्याकडं कुठाय गाडी?" जूनच्या शेवटी ती गेली. मी डॉक्टर नाही. एक डोस घेऊन ती वाचलीच असती असं मी छातीठोक सांगत नाही. एवढंच सांगतो, तिला नाही म्हणायला लावलं ते आम्ही गेटवरून आणलेल्या वाक्यानं. ते वाक्य मी तिच्या दारात नेऊन सोडलं. माझ्या तोंडात ते कुणी घातलं, ते शोधतोय.

आत्याला जूनमध्ये पालिकेच्या दवाखान्यात लस मिळाली. रिक्षावाल्यानं आणि मी दोघांनी मिळून तिला खुर्चीवरून उचलून नेलं. सिस्टरनं बघितलं, उठून बाहेर आली आणि पायरीवरच टोचलं. अर्धा तास आत्या पायरीवरच बसली. त्या सिस्टरला कुठल्या कौतुकाच्या बातमीची गरज पडली नाही. दहा पावलं चालली, काम झालं.

आता ही टूम कुठून आली बघा. अमेरिकेतून. लॉस एंजेलिसमध्ये डॉजर स्टेडियम नावाचं बेसबॉलचं मैदान आहे. जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या पार्किंगमध्ये मोटारीत बसून लस देण्याचं प्रचंड केंद्र उघडलं. तिथं मोटार म्हणजे पायातली चप्पल, तिच्याशिवाय माणूस हलत नाही. त्यांनी त्यांच्या चपलेच्या मापानं रस्ता केला. आपण त्यांचा रस्ता उचलला आणि अनवाण्या माणसाला म्हणतो, चल. आणि ते स्टेडियम कशावर उभं आहे माहितंय? चावेझ रॅव्हिन नावाच्या जागेवर. तिथं मेक्सिकन कष्टकऱ्यांच्या वस्त्या होत्या. १९५० च्या दशकात त्या उठवल्या. उरलेल्यांना १९५९ साली पोलिसांनी घरातून ओढून बाहेर काढलं. १९६२ ला स्टेडियम उघडलं. आपल्यालाही हे नवं नाही. आधी वस्ती उठवायची, मग तिथं पार्किंग करायचं, मग पार्किंगमध्ये जनतेची सेवा करायची.

त्याच अमेरिकेतून घ्यायचंच होतं तर दुसरंही होतं. ब्लॅक पँथरवाल्यांनी १९७० च्या सुमारास काळ्यांच्या वस्त्यांत फुकट दवाखाने काढले. सिकल सेलच्या तपासण्या केल्या, त्याही लोकांच्या दारात. त्यांनी कुणाला विचारलं नाही, तुझी गाडी कुठाय. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते त्यांच्यावरूनच. नाव घेतलं, दवाखाना घेतला नाही. हे मी आपल्याच लोकांना म्हणतोय.

आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचं? १८९७. मुंबई-पुण्यात प्लेग. १० जानेवारीला वाल्डेमार हाफकिननं मुंबईत स्वतः बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याच्या नावाची संस्था परळला आजही उभी आहे. आणि त्याच साली पुण्याकडं सावित्रीमाई आपल्या यशवंताच्या दवाखान्यात प्लेगचे रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक पोर तापानं फणफणलेलं. माईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि हडपसरपर्यंत आणलं. पोर वाचलं. माईंना प्लेग लागला. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. हाफकिननं सुई टोचून घेतली त्याला बरोबर दोन महिने झाले होते.

त्या पोराकडं गाडी नव्हती. माईंची पाठ हीच त्याची गाडी.

इथं कुणी शहाणा म्हणेल, अहो, गाडीवाले तिकडं गेले म्हणून दवाखान्यातली रांग तेवढी कमी झाली ना? ऐकून घेतो. डोस जर भरपूर असते तर हे खरं होतं. पण डोस मोजके होते. कोव्हिशील्डच्या एका कुपीत दहा डोस. ती फोडली की चार तासांत संपवायची. ज्या दिवशी आमच्या दवाखान्यावर 'आज लस नाही' असं खडूनं लिहिलेलं असायचं, त्या दिवशी ती कुपी कुठंतरी गाडीच्या खिडकीशी फुटत होती. रांग कमी झाली नाही, रांगेतला माल दुसरीकडं वळला.

आणि हे म्हणे घरोघरी जाऊन लस देता येत नव्हती! मुंबईच्या हायकोर्टात म्हाताऱ्यांना, अपंगांना घरी लस द्या म्हणून अर्ज झाला, तेव्हा केंद्र सरकारनं शक्य नाही म्हणून सांगितलं. बर्फाची पेटी उघडावी लागेल, लस वाया जाईल, रिॲक्शन आली तर काय, वगैरे. जुलै संपता संपता मुंबईत अंथरुणाला खिळलेल्यांना घरी लस सुरू झाली. नोव्हेंबरात 'हर घर दस्तक' म्हणत साऱ्या देशात दारं ठोठावायला निघाले. बर्फ तोच, लस तीच, दार तेच. मे महिन्यात अशक्य होतं ते नोव्हेंबरात शक्य कसं झालं?

मला महाड आठवतं. १९२३ साली बोले ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर. कुणी ओंजळ भरू शकलं नाही. ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडावं लागलं आणि त्यासाठी बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तळ्यापर्यंत चालत जावं लागलं. लस सगळ्यांना खुली, हा २०२१ चा ठराव. आता चालत जायचं ते गेटपर्यंत.

कुणी म्हणेल, झालं गेलं, आता कशाला उकरता? म्हणून सांगतो. २०२२ च्या शेवटी आमच्याच गोवंडीत गोवर उसळला. पोरं दगावली. कोरोनाच्या दोन वर्षांत ज्या लेकरांचे नेहमीचे डोस राहून गेले, ती सापडली. गोवराची लस नवी नाही, महाग नाही. नवव्या महिन्यात एक, दीड वर्षाच्या आसपास दुसरी. शंभरातल्या पंचाण्णव लेकरांना ती मिळाली तर रोग पसरत नाही. पोरं मेल्यावर पालिकेची माणसं गल्लोगल्ली, झोपडीझोपडीत आली. आली, हे चांगलं झालं. पण आमच्या दारात यायला त्यांना आमच्या मेलेल्या पोरांचाच पत्ता का लागतो?

पुढचा रोग येणार आहे. तेव्हा काय मागायचं ते आत्ताच ठरवू.

१. गाडी आमची नको, गाडी तुमची पाहिजे. बर्फाची पेटी, दोन सिस्टर, ॲड्रिनलिन, दहा खुर्च्या. एवढं एका टेम्पोत बसतं. तो टेम्पो वस्तीत यायला पाहिजे.

२. गाडीवाल्यांचं केंद्र काढायचं तर काढा. पण त्याच दिवशी, त्याच गेटात, तेवढेच डोस पायी येणाऱ्याला. रिक्षा ही गाडीच.

३. गाडी चालवणाऱ्याला आधी विचारा. जो चार घरांची माणसं रोज वाहतो तो वयात बसत नाही, हे उत्तर चालणार नाही.

४. फोनशिवाय नाव लागलं पाहिजे. मराठीत बोर्ड लागला पाहिजे, मोठ्या अक्षरात, वर लिहिलेल्या सगळ्या प्रश्नांच्या उत्तरांसकट.

५. सफाई कामगाराची यादी कंत्राटदाराकडून घ्यायची नाही. सफाईच्या चौकीवर या, हजेरीच्या वेळी या, हातात झाडू दिसेल त्याला टोचा.

आणि एक आपल्यासाठी. आपल्यातले काही पुढारी तेव्हा आपापल्या स्कॉर्पिओत बसून काच खाली करून आले. दंडाचा फोटो काढून वस्तीच्या नाक्यावर बॅनर लावला. दादांनो, तुमच्या गाडीत सात सीटा होत्या. आत्याचं घर तुमच्या रस्त्यावर होतं.

आत्या आता चालत नाही. दारात बसून असते. परवा नातीला म्हणाली, "माझ्या दंडावर बघ, सुई टोचली त्याचा वणपण दिसत न्हाई. गेटावर बसले त्याचा मातर हाय."

पुढच्या वेळी त्या गेटवर आपण एकटे जायचं नाही. सगळी गल्ली घेऊन जायचं, पायी.

जय भीम.